वार्धक्यातील पडझड : डॉ. मेरी टिनेटी यांच्या संशोधनाचा परिचय

घरातील वृद्ध मनुष्य पडला, म्हणजे आपल्याकडे बहुधा दोनच उद्गार ऐकू येतात. शेजारी म्हणतात, "वयच झाले आता, चालावयाचेच." घरची मंडळी म्हणतात, "वेळ वाईट होती, म्हणून पाय घसरला." पहिल्या उद्गारात दोष वयास दिला जातो, दुसऱ्यात दैवास. वय आपल्या हातचे नाही आणि दैवही नाही. तेव्हा दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो, की करण्यासारखे काही नव्हते. मोडलेले हाड बसविले जाते, घरातील माणसे महिनाभर जपून वागतात, आणि पुढे तोच मनुष्य पुन्हा पडला, की पुन्हा तेच दोन उद्गार निघतात.

प्रस्तुत लेखात ज्या संशोधिकेच्या कार्याचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ ह्या दोन समजुतींची परीक्षा करण्यात वेचला. त्यांचे नाव डॉ. मेरी टिनेटी. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे, तेथील येल विद्यापीठात त्या वार्धक्यवैद्यकाच्या प्राध्यापिका झाल्या. हृदयरोग, कर्करोग अशा भारदस्त विषयांकडे संशोधकांची रीघ लागलेली असताना, "म्हातारी माणसे का पडतात ?" हा वरवर अगदी घरगुती वाटणारा प्रश्न त्यांनी अभ्यासास घेतला.

प्रश्न घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अनपेक्षित इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. ह्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्या देशासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा असतो. तेव्हा टिनेटीबाईंनी काय शोधून काढले हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

१. कारणांची बेरीज

डॉ. टिनेटी यांनी वैद्यकाची पदवी मिशिगन विद्यापीठातून घेतली. पुढे वृद्धांच्या आजारांचे विशेष शिक्षण घेण्यासाठी त्या रॉचेस्टर येथे गेल्या. डॉ. टी. फ्रँकलिन विल्यम्स हे ह्या शाखेतील नामवंत शिक्षक तेथे होते. त्यांच्या सहकार्याने केलेला टिनेटीबाईंचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. तो आकाराने लहान, पण पुढील सर्व कार्याचे बीज त्यात आहे.

शुश्रूषेसाठी संस्थांत नव्याने दाखल झालेल्या ७९ वृद्धांची त्यांनी तपासणी केली. त्या काळी डॉक्टर मंडळी पडण्याचे "एक" कारण शोधीत असत. चक्कर आली असेल, हृदयाचा ठोका चुकला असेल, मेंदूत काही बिघडले असेल, असा त्यांचा शोध चाले, आणि तसे एक कारण सापडले नाही तर कागदावर "वार्धक्य" असे लिहून ते मोकळे होत. टिनेटीबाईंनी रीत बदलली. चालण्याची शक्ती, मनाची उमेद, बुद्धीचा तल्लखपणा, दूरची दृष्टी, ऐकू येणे, उभे राहिल्यावर होणारा रक्तदाबातील फरक, पाठीचा लवचीकपणा, चालू असलेली औषधे आणि रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता, अशा नऊ गोष्टी त्यांनी प्रत्येकाच्या पाहिल्या आणि किती ठिकाणी उणेपणा आहे एवढेच मोजले.

निष्कर्ष मोठा बोलका निघाला. ज्यांच्यात तीन किंवा त्याहून कमी उणिवा होत्या, त्यांच्यापैकी एकही मनुष्य वारंवार पडणारा निघाला नाही. चार ते सहा उणिवा असणाऱ्यांपैकी ३१ टक्के वारंवार पडले. सात किंवा अधिक उणिवा असणारे मात्र झाडून सारे वारंवार पडले. कोणतीही एक उणीव मनुष्यास पाडीत नव्हती. त्यांची बेरीज पाडीत होती.

हा विचार एकदा ध्यानी आला, की त्यातील आशेचा भागही ध्यानी येतो. पडण्याचे कारण एखादा मोठा असाध्य रोग असता, तर उपाय खुंटला असता. परंतु कारण जर लहान लहान उणिवांची बेरीज असेल, तर त्यांतील दोन-तीन उणिवा कमी करूनही बेरीज खाली आणता येईल. सत्तरीतील मनुष्यास पंचविशीचा करता येत नाही हे खरे. पण त्याचा चष्मा बदलता येतो, त्याची अनावश्यक गोळी बंद करता येते, त्याच्या मांड्यांत थोडे बळ आणता येते.

२. आपापल्या घरी राहणारी माणसे

वरील अभ्यास संस्थांत राहणाऱ्यांचा होता. बहुसंख्य वृद्ध आपापल्या घरीच राहतात, तेव्हा त्यांचा अभ्यास होणे आवश्यक होते. येलमध्ये आल्यानंतर टिनेटीबाईंनी तो हाती घेतला. घरी राहणारे ७५ वर्षे व त्यांपुढील वयाचे ३३६ स्त्रीपुरुष त्यांनी निवडले. त्यांची बुद्धी, स्नायूंचे बळ, तोल आणि चाल तपासली, शिवाय घरांत धोक्याच्या जागा कोठे आहेत हेही जाऊन पाहिले. नंतर एक वर्षभर दर दोन महिन्यांनी दूरध्वनी करून, "आपण पडलात काय ? कोठे, कसे ?" अशी चौकशी चालविली. हा अभ्यास १९८८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

वर्षभरात ३३६ पैकी १०८ जण, म्हणजे ३२ टक्के, निदान एकदा तरी पडले. पडलेल्यांपैकी २४ टक्क्यांना गंभीर इजा झाली आणि ६ टक्क्यांची हाडे मोडली. येथेही बेरजेचा नियम पुन्हा दिसला. धोक्याचे एकही कारण नसणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण ८ टक्के, तर चार किंवा अधिक कारणे असणाऱ्यांत ते ७८ टक्के होते.

त्या कारणांची यादी पाहिली, तर आपल्या समजुतींस धक्का बसतो. सर्वांत बलवत्तर संबंध आढळला तो झोपेच्या व गुंगी आणणाऱ्या औषधांशी. त्याखालोखाल बुद्धीचे मांद्य, पायांचा दुबळेपणा, चालीतील व तोलातील दोष आणि पावलांच्या तक्रारी ही कारणे होती. भोवरी, वाढलेले नख, वाकडे झालेले बोट ह्यांना आपण तक्रारीच्या योग्यतेचेही समजत नाही. परंतु पडण्याच्या हिशेबात त्यांची नोंद होते. पडण्याच्या एकंदर प्रसंगांपैकी केवळ ५ टक्के प्रसंग धोक्याचे काम करताना घडले, शिडीवर चढणे वगैरे. ४४ टक्के प्रसंगी मात्र परिसरात अडखळण्यासारखे काहीतरी होते. म्हणजे म्हातारी माणसे "उगाच नाही ते करावयास जातात" म्हणून पडतात, ही घरोघरची तक्रार बहुतांशी खरी नाही. ती नेहमीच्या जागी नेहमीचेच काम करताना पडतात.

तोल व चाल तपासण्याची टिनेटीबाईंनी १९८६ साली सुचविलेली रीत पुढे अनेक देशांत रूढ झाली. तीस मोठे यंत्र लागत नाही. एक खुर्ची, थोडी मोकळी जागा आणि पाहणाऱ्याचे लक्ष एवढे पुरते. मनुष्य हातांचा आधार न घेता उठतो काय, उठल्याबरोबर झोकांडी जाते काय, डोळे मिटून उभा राहू शकतो काय, वळताना पावले अडखळतात काय, बसताना धपकन बसतो काय, असे पाहून गुण द्यावयाचे. तोलाचे १६ आणि चालीचे १२ मिळून २८ गुण होतात. गुण जितके कमी, तितका पडण्याचा संभव अधिक.

३. पडण्याचे भय आणि जपणुकीचा अतिरेक

टिनेटीबाईंच्या कार्यातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आता येतो. हाड मोडले तर त्याची छायाचित्रे निघतात. पण पडण्याने मनास जी इजा होते ती कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. एकदा पडलेला मनुष्य जिना टाळतो, मग रस्ता टाळतो, मग न्हाणीघरात जाण्याचीही धास्ती घेतो. चालणे कमी झाले की पायांतील बळ जाते, बळ गेले की तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भयाने तो बसून राहिला तेच पडणे त्यास गाठते. १९९० साली टिनेटीबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भय मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली. आंघोळ करणे, अंथरुणातून उठणे, घरात चालणे अशी रोजची दहा कामे घेऊन, ती न पडता करण्याचा आपल्यास किती विश्वास वाटतो, असे त्या वृद्धांनाच विचारीत. भयासारखी गोष्टही मोजून तिची नोंद ठेवता येते, हे वैद्यकास नवे होते.

दुसरी एक बाब १९९३ च्या अभ्यासात पुढे आली. न्यू हेवनमधील ७२ वर्षे व त्यांपुढील वयाच्या १,१०३ लोकांपैकी जे पडले, पण ज्यांना इजा झाली नाही, अशा ३१३ जणांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील ४७ टक्के लोकांना निदान एका प्रसंगी तरी स्वतःहून उठता आले नव्हते. हाड मोडलेले नाही, जखम नाही, पण मनुष्य जमिनीवर तसाच पडून आहे. घरात दुसरे कोणी नसेल, तर ह्या अवस्थेचे गांभीर्य निराळे सांगावयास नको.

मग ह्यावर उपाय म्हणून माणसास बसवूनच ठेवावे काय ? पश्चिमेकडील शुश्रूषागृहांत एके काळी तसेच करीत. वृद्ध पडू नये म्हणून त्यास पट्ट्यांनी खुर्चीस किंवा खाटेस बांधून ठेवण्याची पद्धत होती, आणि तीत क्रौर्य आहे असे कोणास वाटत नसे. उलट ती काळजीची खूण समजली जाई. टिनेटीबाईंनी १९९२ साली बारा शुश्रूषागृहांतील ३९७ जणांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रारंभी ह्यांपैकी कोणासही बांधलेले नव्हते. पुढे ज्यांना कधीच बांधले नाही, त्यांच्यापैकी ५ टक्के लोकांना पडून गंभीर इजा झाली. ज्यांना बांधले, त्यांच्यापैकी १७ टक्के लोकांना झाली. बांधले गेलेले मुळातच अधिक दुबळे असणार, ही शंका रास्त आहे. परंतु तो फरक हिशेबात घेऊनही बांधण्याने इजा कमी झाल्याचे दिसले नाही.

आपल्या घरांत कोणी आजीस पट्ट्याने बांधीत नाही, हे खरे. परंतु "आजी, तू उठू नकोस, पाणी मी आणून देते", "बाबा, तुम्ही खाली जाऊ नका, पडाल" असे दिवसातून दहा वेळा म्हणणे, ह्याचाही परिणाम फारसा निराळा होत नाही. शब्द प्रेमाचे असतात, पण त्यांनी मनुष्य हळूहळू खुर्चीस जखडला जातो. सून, लेक, मुलगा ह्यांच्या मनात दोष नसतो. त्यांना भय असते, आणि भय अनाठायीही नसते. प्रश्न एवढाच, की वृद्धास बसविण्याऐवजी सुरक्षितपणे चालविण्यात आपण आपले श्रम खर्च केले तर काय होईल ?

४. प्रयोग आणि त्याचा निकाल

ह्याच प्रश्नाचे उत्तर टिनेटीबाईंनी प्रयोगाने दिले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात सत्तरी ओलांडलेले, घरी राहणारे आणि धोक्याचे निदान एक कारण असलेले ३०१ स्त्रीपुरुष होते. त्यांचे दोन गट केले. १५३ जणांच्या घरी परिचारिका आणि व्यायामोपचार देणारे तज्ज्ञ जात. ज्याची जी उणीव असेल तिच्यावर तोच उपाय. उभे राहताच ज्याचा रक्तदाब उतरतो, त्यास हळूहळू उठण्याची रीत शिकविली जाई; ज्याची औषधे फार, त्याच्या औषधांचा फेरविचार होई; ज्याचे पाय दुबळे, त्यास पायांचे व्यायाम दिले जात; खाटेवरून खुर्चीवर किंवा न्हाणीघरात जाताना ज्याचा तोल जाई, त्यास ते काम सुरक्षितपणे करण्याचा सराव दिला जाई. उरलेल्या १४८ जणांना नेहमीचे उपचार चालू राहिले आणि त्यांच्या घरीही कोणी ना कोणी भेटीस जाऊन गप्पागोष्टी करून येई. ही दुसरी व्यवस्था मोठ्या विचाराने केलेली होती. कोणी घरी येऊन आस्थेने विचारपूस केली, एवढ्यानेच म्हाताऱ्या माणसास बरे वाटते. तो लाभ दोन्ही गटांस सारखा मिळाला, म्हणजे उरलेला फरक उपायांचाच ठरतो.

एका वर्षानंतर मोजदाद केली, तेव्हा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोक पडले होते, तर उपाय केलेल्यांपैकी ३५ टक्के. पडण्याच्या प्रसंगांचे प्रमाण हिशेबाअंती सुमारे ३१ टक्क्यांनी कमी भरले. पडणे सर्वस्वी थांबले नाही. परंतु जे "चालावयाचेच" म्हणून सोडून दिले होते, त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा टळला. दैवाचा भाग असता तर तो परिचारिकेच्या भेटींनी कमी झाला नसता.

ह्या लाभाचे मोल किती, हे १९९७ च्या अभ्यासावरून कळते. पडून ज्यांना गंभीर इजा झाली, त्यांना पुढे घर सोडून कायमचे शुश्रूषागृहात जावे लागण्याचा संभव, कधीही न पडलेल्यांच्या मानाने, सुमारे दहापट आढळला. इजा न होता एकदाच पडलेल्यांतही तो सुमारे तिप्पट होता. म्हणजे पडण्याने हाडच मोडते असे नाही. माणसाचे घरही सुटते.

५. यश आणि त्याची मर्यादा

प्रयोगशाळेत किंवा निवडक तीनशे लोकांत जे साधते, ते सबंध प्रांतात साधेल काय, ही पुढची कसोटी होती. टिनेटीबाई व त्यांचे सहकारी ह्यांनी कनेटिकट राज्याच्या एका विभागातील डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये आणि वृद्धांची केंद्रे ह्यांना हे ज्ञान पोहोचविण्याची मोहीम काढली, आणि त्याच राज्यातील दुसऱ्या विभागाशी तुलना केली. २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या विभागात मोहीम चालली, तेथे सत्तर वर्षांवरील लोकांत पडून होणाऱ्या गंभीर इजा ९ टक्क्यांनी आणि त्यासाठी घ्यावी लागणारी वैद्यकीय मदत ११ टक्क्यांनी कमी आढळली. २००९ साली टिनेटीबाईंना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतील मोठा सन्मान मिळाला.

तथापि अभ्यासकाने यशाबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२० साली अमेरिकेतील ८६ दवाखान्यांत ५,४५१ वृद्धांवर केलेल्या ह्याच धर्तीच्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर इजा सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसल्या. पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल, इतका लहान होता. १९९४ मध्ये परिचारिका आणि व्यायामोपचारतज्ज्ञ स्वतः घरी जाऊन काम करून घेत. मोठ्या प्रयोगात बराच भार चालू व्यवस्थेवर आणि सल्ल्यावर होता. ह्यातून घेण्याचा बोध असा, की यादी करणे सोपे आहे, यादीप्रमाणे घरात प्रत्यक्ष काम होणे अवघड आहे. कागदावरील व्यायामाने पायांत बळ येत नाही.

६. औषधांकडून माणसाकडे

पडण्याच्या अभ्यासातून टिनेटीबाई एका अधिक व्यापक प्रश्नाकडे वळल्या. वृद्ध मनुष्यास एकच रोग असतो असे क्वचितच घडते. हृदयाचे डॉक्टर हृदयाची गोळी देतात, सांध्यांचे डॉक्टर सांध्यांची, निद्रानाशासाठी तिसरीच. प्रत्येक गोळी आपल्या जागी योग्य असते. पण त्या सर्व एकाच देहात जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तदाबाचा विकार असलेल्या सत्तर वर्षांवरील सुमारे पाच हजार लोकांची माहिती घेतली, तेव्हा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांत पडून गंभीर इजा होण्याचे प्रमाण ती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक दिसले. ह्याचा अर्थ औषधे टाकून द्यावी असा मुळीच नव्हे. रक्तदाबाच्या औषधांनी अर्धांगवायू आणि हृदयविकार टळतात, हेही तितकेच सिद्ध आहे. अर्थ इतकाच, की एका पारड्यात लाभ असला तर दुसऱ्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे.

मग निवड कोणी करावयाची ? २००४ साली डॉ. टेरी फ्राइड यांच्यासह लिहिलेल्या एका निबंधात टिनेटीबाईंनी असे प्रतिपादन केले, की केवळ रोग डोळ्यांपुढे ठेवून उपचार करण्याचा काळ आता संपला पाहिजे. त्या मनुष्यास स्वतःला काय साधावयाचे आहे, तेथून प्रारंभ झाला पाहिजे. एखाद्या आजोबांना दोन वर्षे अधिक जगण्यापेक्षा रोज सकाळी स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाता येणे महत्त्वाचे वाटत असेल. दुसऱ्या आजीस नातीच्या लग्नापर्यंत कसेही करून जगावयाचे असेल. दोघांचे रोग सारखे असले, तरी उपचार सारखेच असावेत असे नाही.

हा विचारही त्यांनी मोजून पाहिला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक रोग असलेल्या ३६६ वृद्धांच्या अभ्यासात, ज्यांच्याशी त्यांच्या इच्छेची चर्चा करून उपचार ठरविले, त्यांच्यापैकी ५२ टक्के लोकांचे एखादे तरी औषध बंद झाले. नेहमीच्या पद्धतीत हेच प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. उपचारांचा भार वाटण्याचे प्रमाणही पहिल्या गटात उतरले. ज्या संशोधिकेने "का पडलात ?" ह्या प्रश्नापासून प्रारंभ केला, ती अशा रीतीने "आपणास काय हवे आहे ?" ह्या प्रश्नापाशी येऊन पोहोचली.

७. आपल्या घरांसाठी

आता ह्या अभ्यासाचा आपल्याशी काय संबंध, हे थोडक्यात पाहू. आपल्या घरांची ठेवण न्यू हेवनच्या घरांसारखी नाही. आपल्याकडे उंबरठे आहेत, ओल्या मोऱ्या आहेत, पाटावर बसणे आहे, नऊवारीचा घोळ आणि धोतराचा सोगा आहे. परंतु बेरजेचा नियम सर्वत्र सारखाच.

पहिली गोष्ट विचारण्याची. पुष्कळ वृद्ध आपण पडल्याचे घरी सांगत नाहीत. सांगितले तर हिंडणे-फिरणे बंद होईल अशी त्यांना धास्ती असते. म्हणून रागावण्याच्या सुरात न विचारता, वर्षातून दोनदा तरी शांतपणे विचारावे : गेल्या काही महिन्यांत पडलात काय ? उभे राहताना, चालताना तोल जातो काय ? पडण्याची भीती वाटते काय ?

दुसरी गोष्ट औषधांची. घरात असतील नसतील त्या सर्व गोळ्या, काढे, चूर्णे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावी आणि, "ह्यांतील आता कोणती नको ?" असे विचारावे. झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यातही धोका आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी.

तिसरी गोष्ट पायांच्या बळाची. रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भक्कम आधाराजवळ टाचा उचलून उभे राहणे, आणि झेपेल तितके चालणे हे व्यायाम बहुतेकांस साधतात. प्रारंभी शेजारी कोणी असावे. पूर्वी सहज मांडी घालून बसणाऱ्या माणसास जमिनीवरून उठणे जड जाऊ लागले, तर ती सूचना समजावी.

चौथी गोष्ट घराची. अंथरुणापासून शौचकूपापर्यंत रात्री मंद दिवा असावा. मोरीत आणि शौचकूपाजवळ भिंतीत पक्का बसविलेला दांडा असावा. टॉवेलची दांडी आधारास चालत नाही. सुटे पायपुसणे, सैल सपाता आणि वाटेतील वायरी दूर कराव्या. रात्री उठताना आधी अंथरुणात बसावे, मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे.

पाचवी गोष्ट, इतके करूनही कोणी पडले तर काय करावे. काखेत हात घालून लगेच ओढून उठवू नये. प्रथम कोठे दुखते ते विचारावे. खुब्यात कळ असेल, किंवा एक पाय आखूड झाल्यासारखा अथवा बाहेर वळलेला दिसेल, तर न हलविता रुग्णवाहिका बोलवावी. डोक्यास मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर वरकरणी ठीक वाटले तरी डॉक्टरांकडे न्यावे. इजा नसेल, तर कुशीवर वळून, गुडघ्यांवर येऊन, जड खुर्चीचा आधार घेऊन उठण्याची रीत आधीच शिकवून ठेवावी.

भारत सरकारने २०१०-११ साली वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरकारी योजना आपल्या गतीने चालेल. परंतु आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेस, जिच्या सभासदांची एकमेकांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जा-ये आहे, एक काम सरकारपेक्षा सुलभ आहे. महोत्सवाच्या वर्षात आपण वृद्धांचा शालश्रीफळ देऊन सत्कार करतो, तो अवश्य करावा. त्याबरोबर चार-सहा तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील प्रत्येक वृद्धाच्या घरी जाऊन मोरीत एक दांडा बसवून द्यावा, रात्रीचा एक दिवा लावून द्यावा, आणि वरील तीन प्रश्न विचारून यावे. मुले दूरच्या गावी असल्याने जी वृद्ध जोडपी एकटी राहतात, त्यांच्याकडे तर प्रथम जावे. १९९४ च्या प्रयोगाने एवढे दाखवून दिले आहे, की योग्य उपाय घेऊन कोणी घरी गेले, तर तीन पडण्यांतील एक टळण्याचा संभव आहे. हिशेब करून पाहणाऱ्यांनी हा खर्च कोणत्याही समारंभाच्या खर्चाशी ताडून पाहावा.